टॅरोची बावीस पानं



गेले दोन-तीन महिने गटांच्या बैठकांत एक प्रश्न आम्हा सहयोगिनींना सारखा विचारला जातो आहे. बचत जमा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या, की एखादी ताई मोबाईल पुढे करते आणि हळूच म्हणते, "ताई, हे पानं टाकून सांगतात, ते खरं असते का वो?" कळमेश्वरकडे विचारलं, मौद्याकडे विचारलं, उमरेडच्या रस्त्यावरच्या गावांतही विचारलं. व्हिडिओत एक बाई असते, समोर मेणबत्ती, कापडावर तीन पानं पालथी. 'मनात एक निवडा,' असं ती म्हणते. आपण निवडतो. ती पान उलटते आणि बोलायला लागते. याला टॅरो म्हणतात. पूर्ण संच अठ्ठ्याहत्तर पानांचा असतो, पण या व्हिडिओंत पुष्कळदा त्यातली बावीस मोठी पानंच वापरलेली असतात.

आजचं बोलणं त्या बावीस पानांवर. ती आली कुठून, त्यांवर काय काढलेलं असतं, वाचतात कशी, आणि त्यात आपला पैसा कुठल्या वाटेनं जातो.

भविष्य विचारणं आपल्याला काही नवीन नाही. पहाटे कुडमुडं वाजवत येणारा पिंगळा आपल्या आज्यांनी ऐकला. मान हलवणारा नंदीबैल आपण लहानपणी दारात पाहिला. जत्रेतला पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन एक चिठ्ठी ओढतो, तो तर टॅरोचा जवळचा नातेवाईकच म्हणायचा. नागपूरकडे ज्यांच्या घरी तुलसीदासांचं रामचरितमानस आहे, त्यांनी त्यातली रामशलाका पाहिली असेल. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ चौकोन, प्रत्येकात एक अक्षर. डोळे मिटून बोट ठेवायचं आणि तिथून दर नववं अक्षर मोजत जायचं. नऊ चौपायांपैकी एक तयार होते आणि तिच्यात उत्तर. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार धान्यं ठेवतात, मधे विड्याचं पान, पुरी, पापड. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला काय हललं, काय जागेवर आहे ते पाहून पीकपाण्याचा अंदाज सांगतात. दूरदूरचे शेतकरी ऐकायला जातात.

म्हणजे पद्धत तीच. काहीतरी नशिबावर सोडायचं आणि जे आलं त्याचा अर्थ लावायचा. भेंडवळचा अंदाज निदान दिवाळीपर्यंत पाऊस आणि बाजारभाव पाहून ताडून बघता येतो. पानांनी सांगितलेलं ताडून बघणं फार अवघड, आणि ते का, ते पुढे येईलच.

टॅरोची सुरुवात भविष्यापासून झालेलीच नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला बनवले. आज उरलेले जुन्यातले जुने संच मिलानच्या सरदार घराण्यांसाठी सोनेरी रंगात हातानं रंगवलेले आहेत. आपण बदाम-इस्पिक खेळतो, तसे चार रंगांचे छप्पन्न पत्ते आणि वर बावीस हुकूम. हुकूम म्हटल्यावर तुम्हाला लगेच समजलं असेल, कारण लग्नाघरी रात्री आपले भाऊ-दीर तेच करत बसतात. तर ही बावीस पानं म्हणजे मुळात त्या खेळातले कायमचे हुकूम. सुमारे तीनशे वर्षं लोक त्यांच्यावर डाव मांडत होते.

१७८१ साली फ्रान्समधल्या कूर द जेबलॅं नावाच्या विद्वानानं लिहून टाकलं की ही पानं प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांची गुप्त विद्या आहे. त्या वेळी इजिप्तची जुनी लिपी कुणाला वाचताही येत नव्हती, ती उलगडली १८२२ साली. पण गोष्ट लोकांना आवडली. पत्त्यांवर भविष्य सांगणारे तयार झाले आणि त्या हुकुमांना पुढे 'मेजर अर्काना' असं भारदस्त नाव पडलं. अर्काना म्हणजे गुपितं. मोठी गुपितं.

आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा आहे, ती पाहिली की हा फरक नीट कळतो. लाखेच्या रंगात रंगवलेली गोल पानं, दशावतारी संचात दहा अवतारांची मिळून १२० पानं. त्यांवर राम आहे, नरसिंह आहे, मत्स्य आहे. एवढे देव असूनही ती खेळायचीच पानं राहिली. चित्रात देव असला म्हणून पान देव होत नाही, हे आपल्या कोकणातल्या लोकांना माहीत होतं.

आज मोबाईलवर दिसतात त्यांतली पुष्कळशी चित्रं मात्र एका बाईच्या हातची आहेत, आणि हे आम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. पामेला कोलमन स्मिथ तिचं नाव. ए. ई. वेट नावाच्या गृहस्थानं कल्पना सांगितल्या, लंडनच्या रायडर कंपनीनं १९०९ साली संच छापला आणि अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर चित्रं पामेलानं काढली. काम मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिनं त्याच वर्षी एका ओळखीच्याला पत्रात कळवलं होतं. संचाला नाव पडलं 'रायडर-वेट'. कंपनीचं नाव आलं, साहेबाचं आलं, चित्रं काढणारीचं राहिलं. १९५१ साली ती गेली तेव्हा तिच्यावर देणं होतं. पापडाची पाकिटं आपण लाटायची आणि वर नाव दुसऱ्याचं छापायचं, हे ज्या गटांनी सोसलंय त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता ती चित्रं. बावीसपैकी पहिल्या पानाचा आकडा शून्य. एक तरुण खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, हातात पांढरं फूल, नजर आभाळाकडे. पुढचं पाऊल कड्यावरून खाली पडणार आहे आणि पायाशी कुत्रं नाचतंय. त्याचं नाव फूल, म्हणजे भोळा, खुळा. अर्थ सांगतात नवी सुरुवात. मग एकपासून एकवीसपर्यंत एका माणसाच्या आयुष्यात जे जे भेटतं ते क्रमानं येतं. टेबलावर सगळी हत्यारं मांडून उभा असलेला जादूगार. दोन खांबांमधे गप्प बसलेली, मांडीवरचा कागद पदराखाली अर्धा झाकलेली पुजारीण. गव्हाच्या उभ्या पिकामागे बसलेली राणी, ती आई. दगडी सिंहासनावरचा राजा, तो बाप किंवा सरकार. दोन चेल्यांना उपदेश करणारा धर्मगुरू. प्रेमी जोडपं. रथ, ज्याला एक काळं आणि एक पांढरं जनावर जुंपलंय आणि लगामच नाही.

आठवं पान आमच्या बायकांना सगळ्यांत आवडलं. एक बाई सिंहाचा जबडा दोन्ही हातांनी मिटवते आहे, आणि चेहऱ्यावर काही ताण नाही. पान ताकदीचं. पुढे कंदील घेतलेला म्हातारा साधू, नशिबाचं चाक, तराजू घेतलेला न्याय. बाराव्या पानावर एक माणूस एका पायानं झाडाला उलटा टांगलेला आहे, पण चेहरा शांत. तेरावं मृत्यू. चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर, खाली राजा पडलाय, एक पोर त्याच्याकडे बघतंय, आणि मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतोय. चौदाव्यावर देवदूत एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओततो, म्हणजे संयम. पंधरावं सैतान, त्याच्या पायाशी गळ्यात साखळी घातलेले बाई आणि बुवा. सोळावं मनोरा, वर वीज पडली आहे आणि दोन माणसं डोक्यावर खाली येताहेत. मग जरा हायसं वाटतं. दोन घागरींतून पाणी ओतणारी तारकेची बाई, चंद्र, सूर्यफुलांपुढे घोड्यावर बसलेलं हसरं पोर, मेलेल्यांना उठवणारं कर्ण्याचं पान, आणि शेवटी हिरव्या वेलीच्या गोलात नाचणारी बाई. ते पान जगाचं, सगळं पूर्ण झालं असं सांगणारं.

वाचायची पद्धत सोपी आहे. पानं पिसायची, प्रश्न मनात धरायचा, एक किंवा तीन पानं काढायची. तीन काढली तर पहिलं काल, दुसरं आज, तिसरं उद्या. पान उलटं आलं तर अर्थ फिरतो असं काही जण मानतात, म्हणजे बावीसाचे चव्वेचाळीस अर्थ झाले. उरलेली छप्पन्न पानं रोजच्या बारीकसारीक गोष्टींची समजतात, जसं भांडण, पैसा, काम, पाहुणा. शिकायला वेळ लागतो म्हणून नवखे लोक ती बाजूला ठेवतात.

आणि नेमकं इथंच बावीस पानांचं गणित बदलतं. छोटी पानं काढून टाकली की उरतात फक्त मोठ्या गोष्टी. जन्म, लग्न, गुरू, न्याय, मरण, कोसळणं. तुम्ही विचारा, बकरी या बाजारी विकू की पुढच्या, आणि पान येतं मृत्यूचं! बकरीचा प्रश्न बकरीएवढा राहतच नाही.

हे स्वतः करून पाहा. बावीस चिंचोके घ्या. त्यातल्या चारांना चुना लावा. ते झाले टांगलेला, मृत्यू, सैतान आणि मनोरा, म्हणजे पाहताक्षणी छातीत धस्स होणारी चार चित्रं. पिशवीत घालून हलवा. प्रत्येकीनं न बघता तीन काढायचे, दाखवायचे, परत टाकायचे. गटात बारा जणी असतील तर पाच-सहा जणींच्या हातात निदान एक चुन्याचा चिंचोका येईल. हिशेबानं दर शंभरात सत्तेचाळीस. पूर्ण अठ्ठ्याहत्तर पानांतून तीन काढली असती, तर ही चार पानं दर शंभरात पंधरा जणींच्याच वाट्याला आली असती. म्हणजे फक्त बावीस पानं वापरली की जवळजवळ दर दुसरी बाई घाबरणार, हे पान उलटायच्या आधीच ठरलेलं आहे. तिच्या घरात काय चाललंय याचा त्याच्याशी काही संबंध नाही. जाणकार वाचणारे सांगतात की मृत्यूचं पान म्हणजे खरं मरण नसून एक गोष्ट संपून दुसरी सुरू होणं. पण ते सांगायच्या आधी बाईनं सांगाडा पाहिलेला असतो.

"पण ताई, मी काही बोललीच नाही, तरी तिले कसं समजलं?" हा प्रश्न हमखास येतो. 'तुम्ही सगळ्यांसाठी खूप करता पण त्याची जाण कुणी ठेवत नाही.' 'जवळच्या एका माणसानं तुमचं मन दुखावलंय.' 'पैसा येतो पण टिकत नाही.' मैत्रिणींनो, या तिन्हींपैकी एकही वाक्य लागू नाही अशी बाई आम्हाला अजून एकाही गटात भेटायची आहे. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी गुण आले ४.२६. मग त्यानं उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं बाजारात मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातली होती.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक परीक्षा झाली आहे, पानांची नाही, कुंडल्यांची. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या शंभर मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या आणि कुंडल्या मांडल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठवल्या आणि एवढंच विचारलं, यातला हुशार कोण ते सांगा. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरं आली. शेकडा ४६ बरोबर निघाली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास जमलं असतं.

नागपूरची गोष्ट तर अगदी अलीकडची. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ पासून आपल्याकडे काम करते. जानेवारी २०२३ मध्ये रेशीमबागेत एका महाराजांची कथा होती, आणि ते समोरच्याच्या मनातलं ओळखतात अशी ख्याती होती. समितीनं जाहीर सांगितलं की आमच्या अटींवर ओळखून दाखवा आणि ३० लाख रुपये घ्या. ती परीक्षा काही झाली नाही. पोलिसांनी नंतर सांगितलं की तपासलेल्या चित्रफितींत कायद्यानं गुन्हा ठरेल असं काही आढळलं नाही. दोन्ही गोष्टी आपण लक्षात ठेवाव्यात. एखादी गोष्ट गुन्हा नाही म्हणजे ती सिद्ध झाली असं होत नाही.

आता पैशाची वाट. आमच्या एका गटातल्या ताईनं अंतर्गत कर्जातून तीन हजार मागितले, कारण लिहिलं घरखर्च. कर्ज दिलं. दुसऱ्या महिन्यात तिनं परत दोन हजार मागितले तेव्हा गटाच्या अध्यक्ष काकूंनी तिला बाजूला बसवून विचारलं. मोबाईलवर एका टॅरोवालीनं आधी ५१ रुपयांत एक पान काढून दिलं होतं. पान निघालं मनोऱ्याचं. 'घरावर संकट आहे, मुलाला जपा' असं सांगितलं आणि उपायाचे २,१०० मागितले. ते दिल्यावर संकट 'अर्धं' टळलं, उरलेल्या अर्ध्याला परत पैसे. ताईचा मुलगा बुटीबोरीला कंपनीत रात्रपाळी करतो, रोज मोटरसायकलनं जातो-येतो. कोणती आई घाबरणार नाही? आणि ही गोष्ट ती कुणाला बोलली असती तर संकट वाढेल, असंही तिला बजावलं होतं. ही शेवटची ताकीद आम्हाला सगळ्यांत वाईट वाटते. पाच हजार रुपये वेगळे, पण बाईला तिच्या गटापासून तोडणं वेगळं.

तेव्हा ५१ रुपयांचं पान म्हणजे दुकानाबाहेर टांगलेली पाटी आहे. खरा धंदा उपायाचा. कुठलंही पान, कितीही वाईट, पैशानं बदलत असेल तर ते आधीच ठरलेलं भविष्य कसं, हा साधा प्रश्न त्या टॅरोवालीला विचारून पाहा. आमच्या त्या ताईनं अध्यक्ष काकूंच्या मोबाईलवरून तो विचारला. पलीकडून फोन कट झाला.

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे लागू आहे. त्यात जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले यांचा सल्ला हा गुन्ह्यातून वगळलेला आहे. त्यामुळे कुणी पानं टाकून चार शब्द सांगितले तर नुसत्या तेवढ्यावर पोलीस या कायद्याखाली काही करणार नाहीत. पण चमत्काराचा दावा करून फसवणं आणि पैसे उकळणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, अमुक बाई करणी करते किंवा गाईचं दूध आटवते असं सांगून तिच्यावर गावाचा रोख वळवणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. म्हणून पानं पाहून कुणी 'चोरी शेजारच्या बाईनं केली' किंवा 'नजर जावेची आहे' असं सांगायला लागलं, की तिथं गंमत संपली असं समजा.

इतकं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग ही पानं चुलीतच घालायची का? आम्ही नाही घातली. आम्ही ती बनवली. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापला, एका गटातल्या ताईची मुलगी चित्रकलेत हुशार आहे, तिनं बावीस चित्रं काढली. राणीला नऊवारी नेसवली, सिंहाचा वाघ केला, कारण पेंच जवळ आहे आणि वाघ आपला. बैठकीत नियम ठेवला की पानाचा अर्थ दुसरीनं सांगायचा नाही. जिच्या हातात पान आलं तिनंच चित्र बघून काय आठवतं ते बोलायचं. बोलायचं नसेल तर पान पुढे द्यायचं.

टांगलेल्या माणसाचं पान एका काकूंकडे गेलं. त्या म्हणाल्या, "हा तर आमचा कापूस हाये. घरात भरून ठेवला, भाव येत नाही, अन् उतरवताही येत नाही." सगळ्या हसल्या, आणि मग अर्धा तास कापूस कधी विकायचा यावरच बोलणं झालं, कुणाला किती भाव मिळाला त्याचे आकडे आले. वाघाचा जबडा मिटवणारी बाई पाहून एकीनं आपल्या सासूचं नाव घेतलं, ते कौतुकानं की कसं हे शेवटपर्यंत कळलं नाही. तारकेचं पान पाहून दुसरी म्हणाली, दोन घागरी आमच्याही, फक्त आम्ही भरतो, ओतत नाही.

सैतानाचं पान एका तरुण ताईकडे आलं. मूळ चित्रात त्या दोघांच्या गळ्यातल्या साखळ्या ढिल्या आहेत, मनात आणलं तर डोक्यावरून काढता येतील एवढ्या. आमच्या मुलीनंही त्या तशाच काढल्या होत्या. ताई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माह्यावर तीन कंपन्यांचे हप्ते हायेत." घरी नवऱ्याला दोनच माहीत होते. गटाला एकही माहीत नव्हता. त्या दिवशी तिला कुणी उपदेश केला नाही. पुढच्या आठवड्यात ती तिन्ही हप्त्यांची कार्डं घेऊन आली. कुठल्या कर्जाचं किती मुद्दल उरलंय, व्याज कशावर जास्त, हप्त्याचा वार कोणता, हे एका कागदावर लिहिलं. सगळ्यांत छोटं आणि महाग कर्ज गटाच्या अंतर्गत कर्जातून बंद केलं. दोन अजून चालू आहेत.

यात पानाची काही विद्या नव्हती. तिच्याकडे जगाचं पान आलं असतं तर कदाचित ती काही बोलली नसती, किंवा तेच बोलली असती. चित्र समोर असलं की स्वतःबद्दल बोलणं थोडं सोपं जातं, कारण नजर चित्राकडे ठेवता येते, माणसांकडे बघावं लागत नाही. आम्हाला एवढाच उपयोग दिसतो आणि तेवढा आम्ही करतो.

काही विषय मात्र आम्ही पानांसमोर आणत नाही. आजारपण, गरोदरपण, हरवलेलं माणूस, चोरी, आणि घरातलं कुणी जगेल की नाही हा प्रश्न. अंगात रक्त कमी आहे का, हे बोट टोचून कळतं. नवरा मारतो का, याला पान लागत नाही, १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर लागतो. बैठकीत जे बोललं गेलं ते बाहेर न्यायचं नाही. ते एकदा जरी गावात फिरलं तर पुढच्या वेळी सगळ्या जणी फक्त सूर्य आणि सूर्यफुलंच बघतील. आणि पानं काढायला पैसे नाहीत, नारळ नाही, अकरा रुपयेसुद्धा नाहीत.

ज्यांचे पैसे मोबाईलवरून असे गेले आहेत त्यांनी १९३० या नंबरवर लगेच फोन करावा. हा ऑनलाइन फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे बँकेत अडवून ठेवता येण्याची शक्यता जास्त. पैसे पाठवल्याचा मेसेज, समोरच्याचा नंबर, झालेलं बोलणं, काही पुसून टाकू नका. पैसे परत देतो म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला तर टाकू नका, पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. पोलीस ठाण्यात एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर गटाच्या अध्यक्ष किंवा सचिव ताईंना सोबत न्या, आणि बँकेचं पासबुक छापून घेऊन जा.